ड जागेचा उमेदवार

भावनाआत्याच्या माघारीचा अर्ज माझ्या अक्षरात आहे. हे आधीच सांगून टाकते. शेवटी सांगितलं, तर मी ते लपवून ठेवलं होतं असं वाटेल.

आमचा प्रभाग नारपोलीत येतो. प्रभागाला चार नगरसेवक, म्हणून चार जागा: अ, ब, क आणि ड. प्रत्येक मतदाराने प्रत्येक जागेसाठी एक, अशी चार मतं द्यायची. बाबांना पहिल्या तीन जागांशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांचं लक्ष ड जागेवर होतं, कारण तिथून अनंताशेठ पुन्हा उभे राहणार होते आणि अनंताशेठची सायझिंग आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला लागून आहे.

सायझिंग म्हणजे सूत यंत्रमागावर, म्हणजे लूमवर, चढण्याआधी त्याला कांजी लावून वाफेवर सुकवण्याचा कारखाना. वाफेसाठी बॉयलर लागतो आणि बॉयलरला जळण. कागदोपत्री जळण म्हणजे लाकूड. प्रत्यक्षात चिंध्या, प्लास्टिक, चपलांचे तळ, ट्रकमधून जे उतरेल ते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना मी प्रकल्पासाठी चाळीच्या आसपास पाच ठिकाणी व्हॅसलीन फासलेल्या काचपट्ट्या ठेवल्या होत्या. चोवीस तासांनी उचलायच्या आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली काळे कण मोजायचे. चिमणीपासून चाळीस मीटरवर एका चौरस सेंटिमीटरमध्ये सरासरी दोनशे बारा कण मिळाले. तीनशे मीटरवर एकतीस. लूमला शुक्रवारची सुट्टी असते, त्या दिवशी सायझिंगही बंद. शुक्रवारी चाळीस मीटरवरचा आकडाही अठ्ठावीसवर यायचा. शुक्रवार नसता तर माझ्या आकड्यांना अर्थ राहिला नसता. रस्त्याची धूळ, डंपर, पेटवलेला कचरा, कशावरही ढकलता आलं असतं.

बाबांना सहा वर्षांपासून खोकला आहे. ते लूमच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेला लूम चालू करून देणारे. त्यांचा खोकला सुताच्या धुळीचा की चिमणीचा, हे माझ्या पट्ट्यांवरून सांगता येत नाही आणि मी तसा दावा कधी केला नाही. बाबांनी मात्र आकडे ऐकले त्याच दिवशी ठरवून टाकलं.

"अनंताला या टायमाला मतानं पाडायचा," ते म्हणाले. "भांडून न्हाय, अर्ज करून न्हाय. मतानं."

अर्ज करून झालेच होते. चार.

बाबांकडे मत होतं आणि पक्ष होता. एकतीस वर्षं ते एकाच पक्षाचं काम करत आले. पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर दुसऱ्या पक्षाचे लोक खूश होतील आणि त्यांनी खूश व्हावं असं यात काही नाही. बाबांना पक्षानं कधी पद दिलं नाही, त्यांनीही कधी मागितलं नाही. दर निवडणुकीला ते शाळेतल्या केंद्रात पक्षाचे प्रतिनिधी म्हणून सकाळी सातपासून बसायचे. यादीतल्या साडेआठशे मतदारांपैकी सातशेंना ते तोंडावरून ओळखतात. एका निवडणुकीत मेलेल्या माणसाच्या नावावर कुणी आलं, तेव्हा बाबांनी त्याला उठून सांगितलं होतं, "बाबा रे, ह्याच्या तिरडीला मी खांदा दिलाय."

या वेळी त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं. ड जागेची उमेदवारी भावनाआत्याला द्या.

भावनाआत्या माझी सख्खी आत्या नाही. बाबांच्याच गावाकडची, शहापूरच्या पुढची, आणि चाळीत आमच्यापासून तिसऱ्या खोलीत राहणारी. ती भिशी चालवते. आमच्याकडे लूम कामगारांच्या खानावळीला भिशी म्हणतात. दीडशे माणसं तिच्याकडे दोन वेळा जेवतात, बहुतेक उत्तरेकडची, थोडी तेलंगणातली, काही आपली. तिची कणीक उघड्यावर मळली जाते आणि चिमणीपासून तिची परात मोजून साठ मीटरवर आहे. काळे कण मी काचेवर मोजत होते, ती ते कणकेतून वेचत होती.

पक्षाचा प्रभागप्रमुख मनोजदादा. त्यानं आठ दिवस घेतले आणि मग होकार आणला. बाबा त्या दिवशी पेढे घेऊन आले होते. आई म्हणाली, "लग्न ठरलं का काय तुमचं?"

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी आम्ही पक्षाच्या कार्यालयात बसलो होतो. उमेदवारीचा अर्ज ऑनलाइन भरून छापून घेतला होता, पण सोबतचे कागद हातानं भरायचे होते.

"मेघाली, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे, तूच भर," मनोजदादा म्हणाला. भावनाआत्या रात्रीच्या जेवणाच्या तयारीला निघून गेली होती. सूचक म्हणून बाबांचं नाव लिहिलं. निवडणूक प्रतिनिधी म्हणून मनोजदादाचं नाव लिहिलं, म्हणजे उमेदवाराच्या वतीनं कार्यालयात कागद देण्याघेण्याचा अधिकार त्याच्याकडे. मग त्यानं आणखी एक कागद पुढे सरकवला.

"हा माघारीचा आहे," मी म्हटलं.

"हो. नाव, प्रभाग, जागा लिही. तारीख सोड."

"आपण तर उभे राहतोय ना?"

"अगं, पक्ष सगळ्यांचीच घेऊन ठेवतो. अ पासून ड पर्यंत. उद्या आपलं तिकीट घेऊन एखादा पलीकडं जाऊन बसला तर काय करायचं? फायलीत राहतो कागद. सायन्सवाली ना तू? सेफ्टी समज."

मी मानकोलीला औषधांच्या गोदामात तापमानाच्या नोंदी ठेवते. तिथे तारीख आणि वेळ टाकल्याशिवाय सही करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. त्यामुळे मी थांबले.

"तारखेशिवाय कागद कसा करायचा?"

"तारखा तू गोदामात तपास," मनोजदादा हसला. "इथं आम्ही आहोत."

बाबा बाकावर बसून चहा पीत होते. "लिही गं," ते म्हणाले. "पद्धत हाय ती पक्षाची. पहिल्यापास्नं बघतोय."

मी लिहिलं. भावनाआत्याला हे माहीत आहे का, असं मी विचारलं नाही. ज्याचा अर्ज त्याला माहीत असणारच, असं धरून चालले. प्रयोगशाळेत असं काही धरून चालले असते तर सरांनी वही फेकून दिली असती.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर होते. रांगेत काय झालं ते बाबांनी नंतर सांगितलं. कार्यालयाबाहेर उन्हात चार तासांची रांग, ढोल, गळ्यात हार. आपला नंबर आला तेव्हा वेळ संपायला वीस मिनिटं होती. मनोजदादानं फाइल कठड्यावर ठेवून पानांचे कोपरे उलटले. इथं, इथं, हितं पण, आणि ही शेवटची. भावनाआत्यानं नऊ सह्या केल्या. बाबांनी दोन.

मग सहा दिवस प्रचार झाला. असा प्रचार मी पाहिला नव्हता, कारण त्यात माझे आकडे होते. भावनाआत्या भिशीत वाढता वाढता बोलायची. "भाई लोग, एक बात बताओ. जुम्मे को रोटी सफेद और बाकी दिन चितकबरी. ऐसा क्यों?" माणसं हसायची. "हसो मत. हमारी मेघालीने गिना है. जुम्मे को अठ्ठाईस, बुधवार को दो सौ बारा. बुधवार को तुम क्या खाते हो, रोटी या सेठ की चिमणी?"

माझे आकडे चपातीचे नव्हते, काचेचे होते. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाय, काचंवर जे पडतं ते पिठावर पडायला लाजतं का?"

बाबा रोज ड्युटी संपली की यादी घेऊन निघायचे, घरानुसार खुणा करायचे. त्यांच्या हिशेबानं अनंताशेठ साठ-सत्तर मतांनी मागे होते. इतक्या छोट्या नमुन्यावरून असं सांगता येत नाही, असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, "नमुना न्हाय, सगळी मानसंच मोजलीत मी."

माघारीचा शेवटचा दिवस शुक्रवारी होता, दुपारी तीनपर्यंत. ड जागेवर अनंताशेठ आणि भावनाआत्या असे दोनच अर्ज उरले होते. मी रजा घेतली होती आणि भावनाआत्याकडे कांदे चिरत होते. साडेतीनला मागच्या बाजूला फटाक्यांची लड लागली. पाच मिनिटांनी भिशीत जेवणारा एकजण आला. तो दारातच थांबला.

"दीदी, सेठ तो निर्विरोध हो गया. आपने फारम वापस लिया?"

भावनाआत्याचे हात कोपरापर्यंत पिठात होते. "कुनी सांगितलं?"

"सब बोल रहे हैं."

तिनं त्याच हातांनी मनोजदादाला फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा बंद लागला. बाबा धावत आले. त्यांनाही बाहेरच कळलं होतं.

"नामादादा, मी अर्ज मागं घेतला न्हाय," ती म्हणाली. "मी घेतला असता तर मला कळलं नसतं का?"

"काहीतरी चूक झाली असंल. चल, इचारू."

रिक्षात आम्ही तिघं होतो. बाबा सारखे चूक, चूक म्हणत होते. कार्यालयात काय दिसणार आहे ते मला बाजारपेठेच्या वळणावरच कळलं होतं.

अधिकारी बाई थकलेल्या होत्या, पण त्यांनी आम्हाला बसवलं, फाइल काढली आणि कागद भावनाआत्यासमोर धरला. "दोन वाजून चाळीस मिनिटांनी तुमच्या निवडणूक प्रतिनिधींनी दिला. नियमानुसार आहे. सही तुमचीच ना?"

भावनाआत्यानं सही पाहिली. "सही माझी हाय. पन हा कागद मी दिला न्हाय."

"सही तुमची असेल, आणि देणाऱ्याला तुम्हीच नेमलेलं असेल, तर मला तो घ्यावाच लागतो."

"मग मी आता परत देते अर्ज."

"माघार मागे घेता येत नाही, ताई."

भावनाआत्या कागदाकडे बघत राहिली. तारीख निळ्या शाईची होती, तिरकी, मनोजदादाच्या हाताची. बाकी सगळं काळ्या शाईत, सरळ, सुटं सुटं. तिच्या भिशीच्या पाट्या मी रंगवल्या आहेत. जेवणाच्या वेळा, उधारी बंद, हात धुवा. ते अक्षर ती रोज बघते.

"मेघे, हे तू लिवलंस?"

"हो."

"कवा?"

"अर्ज भरायच्या आदल्या दिवशी. ऑफिसात."

"आन मला बोलली न्हाईस."

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

बाबा मध्ये पडले. "भावने, तिचा दोष न्हाय. सगळ्यांचीच घेतात. पद्धत हाय ती."

तिनं मान वळवून बाबांकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "म्हंजे नामादादा, तुमालाबी ठावं व्हतं."

बाबांना ठाऊक होतं आणि नव्हतंही. कागद ठाऊक होता, तो वापरला जाईल हे नव्हतं. पण ही दोन वाक्यं त्या टेबलासमोर वेगळी करून सांगता येण्यासारखी नव्हती. भावनाआत्या उठली, पायऱ्या उतरली आणि दुसऱ्या रिक्षात बसून गेली.

मनोजदादा संध्याकाळी कार्यालयात सापडला. लपलेला नव्हता. खुर्चीत बसून तो उरलेल्या तीन जागांच्या मतदारचिठ्ठ्या वेगळ्या करत होता.

"या काका. चहा सांगू?"

"कागद कुनी दिला, मनोज?"

"मी दिला. वरून निरोप होता." त्यानं चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. "हे बघा, स्पष्टच सांगतो. अनंताशेठच्या पक्षानं दुसऱ्या प्रभागातल्या दोन जागा आपल्याला सोडल्या, आपण त्यांना ही एक सोडली. एकाला दोन. पक्ष वाढलाच ना?"

"आपन त्यांच्या विरोधात हाव ना?"

"तिकडं आहोत. इथं या वेळेला नाही."

"आन चिमनी?"

"तेच तर. आता अनंताशेठशी भांडण उरलं नाही, म्हणजे बसून बोलता येईल. मी स्वतः तुम्हाला घेऊन जातो."

मी म्हटलं, "मनोजदादा, भावनाआत्याला निदान सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं?" तो माझ्याकडे वळला. "आणि मेघाली, तू शिकलेली आहेस. कागद तू वाचलास, तू विचारलंस, तू लिहिलंस. मी काय डोळ्यांवर पट्टी बांधली होती तुझ्या?"

हे खरं होतं. तो पूर्ण खरं बोलत होता, म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

बाबा खोकले. खोकला थांबेपर्यंत मनोजदादा पाण्याचा ग्लास धरून उभा होता. मग बाबा म्हणाले, "आतापर्यंत किती जनांचे असे कागद वापरले तुमी?"

"काका, एकतीस वर्षांत तुम्ही कधी विचारलं नाही. आजच का?"

"इचारायला पायजे व्हतं."

"बरं, ते जाऊ द्या. केंद्रावर तुम्हीच बसायचंय हां. तुमच्याशिवाय माणसं ओळखणार कोण?"

बाबांनी ग्लास टेबलावर ठेवला. पाणी प्यायले नव्हते. आम्ही निघालो तेव्हा तो मागून म्हणाला, "काका, रागात काही ठरवू नका." अगदी आपुलकीनं म्हणाला.

दोन दिवसांनी तिसऱ्या पक्षाचा हरेश घरी आला. दोन्ही पक्षांना शिव्या देणं हाच त्यांचा प्रचार होता. गळ्यातलं उपरणं नीट करत तो म्हणाला, "नामाकाका, तुमच्यावर अन्याय झालाय. आमच्या स्टेजवर या. भावनाताईंना पण आणा. जनतेला कळू दे, हे दोघं कसे मिळालेले आहेत."

मीच विचारलं. "चिमणीबद्दल तुम्ही लेखी द्याल?"

"लेखी कशाला, शब्द आहे."

"लेखी द्या. तारीख टाकून."

"ताई, जरा अडचण आहे. क जागेचे आमचे उमेदवार स्वतः सायझिंगवाले आहेत. उलट बरं आहे की. त्यांना जळणाचे प्रॉब्लेम आतून माहीत आहेत."

आई, तुळजाबाई, एवढा वेळ पाठ करून भांडी लावत होती. ती न वळता म्हणाली, "म्हंजे आता धूर आतून समजून घेनार. बरं झालं बाय. बाहेरून समजून घ्यायला आमी हावच."

हरेश चहा न घेता गेला. बाबा त्या दिवशी हसले नाहीत. एरवी आईच्या अशा बोलण्यावर ते खोकला येईपर्यंत हसतात.

तोवर चाळीत एकच गोष्ट फिरत होती: भावनानं सीट विकली. भिशीतली माणसं कमी झाली. दीडशेची एकशे दहा. जे यायचे तेही मुकाट जेवायचे. कुणीतरी ताट सरकवताना म्हणालं, "दीदी, अब तो रोटी जुम्मे को भी वैसी ही लगती है," आणि बाकीचे खाली बघून हसले. हे मला आईकडून कळलं. भावनाआत्या आमच्याशी बोलत नव्हती.

मी रविवारी दुपारी, जेवायची पंगत बसलेली असताना, तिच्याकडे गेले. दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. हिंदी माझी बरी आहे, पण त्या दिवशी अडखळली. म्हटलं, भावनाआत्यानं अर्ज मागे घेतला नाही. कागद तिच्या नकळत वापरला गेला. तो कागद मी लिहिला होता. तिला मी सांगितलं नाही, ही माझी चूक आहे. तिनं काहीही विकलेलं नाही.

काहीजण जेवायचे थांबले. एक म्हातारा कामगार म्हणाला, "बेटी, तूने लिखा, दस्तखत इसने किया, दिया किसी और ने. तो इसमें पकड़ें किसको?"

"सबको," मी म्हटलं.

भावनाआत्या तव्यासमोरून उठली नाही. "बोलून झालं?" ती म्हणाली. "मग जा. मागची पंगत उभी हाय."

मला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर काहीतरी बदलेल. निदान माझ्या बाजूनं. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला एकशे बारा माणसं होती, असं आई म्हणाली. दोन माणसांच्या फरकावरून कसलाही निष्कर्ष निघत नाही.

मतदानाच्या दिवशी बाबा सकाळी सवयीनं पाच वाजता उठले, दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि मग खाटेवर बसून राहिले. केंद्रावर त्यांच्या जागी दुसऱ्याला नेमलं होतं. साडेदहाला ते म्हणाले, "चल." मी विचारलं नाही की जायचंच कशाला. त्यांनी एकाही निवडणुकीत मत चुकवलेलं नाही.

शाळेत बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी होती, पण खोली एकच. माझ्यापुढे दोघीजणी आणि त्यांच्यापुढे भावनाआत्या. तिनं मागे वळून पाहिलं नाही. शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली, लगेच बाहेर आली आणि बाबांच्या रांगेजवळून जाताना पदर सारखा केला. बाबांनी मान हलवली. कुणाकडे बघून, ते कळलं नाही.

मी आत होते तेव्हाच बाबांचा नंबर आला. त्यांनी यंत्राजवळ जाऊन पाहिलं आणि परत टेबलाकडे आले.

"साहेब, निळा कागद कुठं हाय? पांढरा, गुलाबी, पिवळा हाय. ड चा निळा असतो."

केंद्राध्यक्ष राहनाळकडचे कुणी शिक्षक होते. "काका, ड जागा बिनविरोध झाली. तिथे मतदान नाही."

"विरोध व्हता. सूचक म्हनून माझी सही हाय."

"ते मला माहीत नाही, काका. माझ्याकडे तीनच जागा आल्यात."

"मला तिथंच द्यायचं व्हतं."

खोलीतले सगळे प्रतिनिधी बघायला लागले. आमच्या पक्षाचा, त्यांच्या पक्षाचा, हरेशच्या पक्षाचा. तिघंही एकाच बाकावर, एकाच डब्यातले पोहे खात होते. केंद्राध्यक्षांनी समजुतीनं म्हटलं, "काका, मागे लाइन आहे. उरलेल्या तीन जागांचं मत द्या. नको असेल तर नोटा आहे."

"ड ला नोटा तरी द्या."

"ड च नाही ना, काका."

बाबा आडोशामागे गेले. बराच वेळ गेला. मी मोजत होते, बावन्न सेकंद. मग यंत्राची लांब शिट्टी वाजली आणि ते बाहेर आले.

माझा नंबर आला तेव्हा मी तिन्ही कागद वरून खाली वाचले. सगळी चिन्हं ओळखीची होती. त्यांच्यातल्या कुणी कुणाला कुठं काय सोडलं असेल, हे मला माहीत नव्हतं आणि आता ते कळायची काही सोयही नव्हती. मी तिन्ही ठिकाणी सर्वांत खालचं बटण दाबलं. ती तीन मतं मोजली जातील, छापली जातील, आणि त्यांनी कुणीही पडणार नाही.

बाहेर शंभर मीटरच्या रेषेपलीकडे पक्षांची टेबलं होती. मनोजदादा उठून पुढे आला. बाबांना मत देऊन आल्यावर ते मोठ्यानं सांगायची खोड होती. एकतीस वर्षं ते दारातून बाहेर पडता पडता हात वर करून चिन्हाचं नाव घ्यायचे आणि टेबलावरची पोरं टाळ्या वाजवायची. आई म्हणायची, गुप्त मतदान फक्त तुमच्यासाठी बंद केलंय सरकारनं.

"काय काका," मनोजदादा म्हणाला, "झालं? आपल्यालाच ना?"

बाबा थांबले. "मत गुप्त असतंय."

तो हसला. "आमच्यापासून?"

"तुमच्यापास्नंच."

मनोजदादाच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, पण त्यानं हातातली यादी बघितली आणि बाबांच्या नावापुढं पेन टेकवून तो ठरवू शकला नाही की कसली खूण करावी. आम्ही पुढे निघालो.

वळण आल्यावर मी विचारलं, "बाबा, तिन्ही ठिकाणी नोटा दाबलं का?"

ते चालत राहिले.

"मी दाबलं," मी म्हटलं.

"मी इचारलं का तुला?"

"नाही."

"मग तूबी इचारू नको." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "तू लिवलंस, मी सही केली. एकमेकाला इचारायची येळ तवा व्हती."

संध्याकाळी आईनं विचारलं, तिलाही त्यांनी सांगितलं नाही. मला ते अजून माहीत नाही. अंदाज करता येतो, पण अंदाजाला मी आता घाबरते.

चाळीच्या तोंडाशी आलो. सरळ गेलो असतो तर भावनाआत्याच्या दारावरून जावं लागलं असतं, आणि ती दारातच बसून तांदूळ निवडत होती. बाबांनी लांबूनच पाहिलं, पाय थांबवले आणि मागच्या बोळात वळले. हा बोळ सायझिंगच्या भिंतीला घासून जातो. मतदानाची सुट्टी असूनही बॉयलर चालू होता, भिंत हाताला गरम लागत होती. बाबांनी रुमाल नाकाला लावला आणि मी त्यांच्यामागून गेले.